"शेठ, मध शुद्ध आहे ना?"

मुंग्या आणि किस्से, मधाच्या दुकानात दोन्ही न बोलावता येतात. शेवगावच्या बाजारपेठेत आमचं आयुर्वेदिक औषधांचं छोटं दुकान. काउंटरवर मी आणि बायको सुनंदा. च्यवनप्राश शुद्ध आहे का, हे आजवर कुणी विचारलं नाही. मधाचं मात्र रोज विचारतात. उत्तरं देऊन देऊन जीव मेटाकुटीला आलाय.

*

एक रिटायर्ड मास्तर येतात. खरा मध पाण्यात तळाशी बसतो म्हणे, म्हणून ग्लासभर पाणी मागतात. चमचाभर मध सोडतात, निरखून बघतात, मग ढवळून पिऊन टाकतात. "उद्या परत बघू," म्हणत निघतात. बाटली काही घेत नाहीत.

मागच्या उन्हाळ्यात म्हणाले, "आज लिंबू आहे का हो?"

*

मधात बुडवलेली काडी पेटली, तर मध खरा! भर पावसाळ्यात एकानं हा प्रयोग केला. "पेटंना! भेसळ हाय!"

म्हटलं, "मध न लावता एक काडी ओढून बघा." तीही पेटेना. पेटीच सादळलेली.

"च्यायला, आता काड्यांत बी भेसळ व्हायला लागली!"

*

खऱ्या मधाला कुत्रं तोंड लावत नाही, असंही कुणीतरी पसरवलंय. एका भाऊसाहेबांनी चपातीला मध लावून आमच्या दारातल्या कुत्र्यापुढं टाकली. त्यानं गट्टम केली. भाऊसाहेब माझ्याकडं बघायला लागले, जणू चोर सापडला.

सुनंदा म्हणाली, "काल त्यानं ह्यांची चप्पल खाल्ली. तीपण डुप्लिकेट का?"

*

थंडीत एक जण बाटली परत घेऊन आला. "खाली साखर बसली. भेसळ हाय!" शुद्ध मधही थंडीनं गोठतो, हे मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. तेवढ्यात त्याचा सख्खा भाऊ आला. "माजा गोठलाच न्हाई. म्हंजी भेसळ!"

सुनंदानं दोघांच्या बाटल्यांची अदलाबदल केली. दोघंही खूश होऊन गेले! मी आपला स्टुलावर बसून राहिलो.

*

परवा पारूआजी आल्या. आमचं जुनं गिऱ्हाईक. दुकानात चांगली गर्दी होती.

"नातू झालाय. आज दवाखान्यातनं घरी आणलाय. सोन्याच्या अंगठीनं मध चाटवायचाय. एकदम असली दे."

म्हटलं, "आजी, वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नसतो. कितीही शुद्ध असला तरी नको. बाळाच्या जिवाशी खेळ होतो. डॉक्टरांना विचारा."

"डाक्टर भेसळीच्या मधाला न्हाई म्हणत्यात. चांगला असल्यावर काय हुतंय? माज्या समद्या पोरांना चाटवलाय मी. तुजा शुद्ध हाय ना?"

सुनंदानंही समजावून पाहिलं. आजी ऐकेनात. काउंटरवरची बाटली पिशवीत टाकून त्या निघाल्या.

मी काउंटरबाहेर आलो, बाटली काढून घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "नेऊ नका, आजी. ह्यात निम्मी साखर आहे."

गिऱ्हाइकांनी हातातल्या बाटल्या परत ठेवल्या. सुनंदानं डोळे मिटून घेतले.

"आरं मेल्या! इतकी वर्सं भरवशानं नेते तुज्याकडनं! समद्या गावाला सांगते!"

"सांगा. आणि गावात कुणाकडंच खरा मिळत नाही, तेही सांगा."