फ्लेक्सवरची नगरसेविका: लातूर, नांदेड, भोकर

जानेवारीत रेवा येणार म्हटल्यावर मी शाळेत तीन दिवसांची रजा टाकली आणि गाडीची सर्व्हिसिंग करून घेतली. रेवा माझ्या धाकट्या काकांची मुलगी. जन्म अमेरिकेतला, वय चौतीस, आणि दोन वर्षांपासून तिकडच्या एका मध्यम शहराची नगरसेविका. तीही साधीसुधी नाही, लोकशाही समाजवादी म्हणवणारी. ज्या देशात समाजवादी हा शब्द बरेच लोक शिवीसारखा वापरतात, तिथे हे लोक आता नगरसभेपासून थेट संसदेपर्यंत निवडून येताहेत. रेवाच्या सभागृहात मात्र ते मोजकेच आहेत. तिला बापाचं गाव बघायचं होतं आणि मला ती बघायची होती.

लातूरहून आम्ही सकाळी सातला निघालो. अहमदपूर, लोहा करत नांदेड साधारण एकशेचाळीस किलोमीटर आहे. रस्ता चांगला झालाय, पण गावांजवळचे गतिरोधक रंग न दिलेले आहेत, तेव्हा डुलकी काढणाऱ्याला मागे बसवा. निघण्याआधी मी तिला निलंगा राईस खाऊ घातला. लातूरकराला सकाळी सात वाजता भात खाताना लाज वाटत नाही आणि पाहुण्यालाही वाटू देऊ नये.

रेवाचं मराठी ऐकून मी पहिला अर्धा तास नुसती हसत होते. काकांनी अडतीस वर्षांपूर्वी भोकरकडची जी बोली सोबत नेली ती पोरीच्या तोंडात जशीच्या तशी उतरलीय. ‘का’ला ती ‘कामून’ म्हणते, ‘हो’ला ‘हाव’. माझं शाळेतलं मराठी तिच्यापुढे फार इस्त्रीचं वाटत होतं.

लोह्याला चहाला थांबलो. शेजारच्या बाकावरचे एक गृहस्थ, तालुक्याच्या राजकारणात मुरलेले असावेत, तिची चौकशी करू लागले. वॉर्ड केवढा, गाडी सरकारी की स्वतःची, एका रस्त्याच्या कामात सुटतं किती. रेवा म्हणाली की पगार एवढाच आहे की आठवड्यातले दोन दिवस ती अजून वाचनालयात नोकरी करते. मग करता काय, असं त्यांनी विचारलं. ती सांगत बसली: बसच्या फेऱ्या वाढवणं, थंडीत फूटपाथवरचा बर्फ पालिकेनं काढणं, आणि आता फेब्रुवारीत घरभाड्यावर मर्यादा घालणारा ठराव. त्या ठरावाला एक मत इकडचं तिकडं झालं तरी खेळ खल्लास. गृहस्थांनी सगळं नीट ऐकलं आणि चहाचे पैसे तिला देऊ दिले नाहीत. त्याआधी तिने मला हळूच विचारलं होतं, हे बिल्डर तर नाहीत ना? मी हसले. तेव्हा मला ते थट्टेचंच वाटलं.

विष्णुपुरीला काका शिकले ते इंजिनिअरिंग कॉलेज गेटवरूनच दाखवलं, मग धरणावर गेलो. गोदावरी तुडुंब होती. दुपारी नांदेडला गुरुद्वाऱ्यात लंगरला पंगतीत बसलो. रेवा जेवण झाल्यावर उठेचना, ताटं घासणाऱ्यांत जाऊन बसली. राहायला स्टेशनजवळ पंधराशेच्या आसपास स्वच्छ खोली मिळते. गरम पाणी सकाळी आठपर्यंतच येतं, हे मात्र आधी विचारून घ्या.

दुसऱ्या दिवशी भोकरकडे निघालो. दोन्ही बाजूंना ज्वारी, हरभरा, मधेच हळदीचे पट्टे. आमचं गाव भोकरच्या अलीकडे आत आहे. तिथे माझे वडील अण्णा आणि आई राहतात. अण्णांनी गावात रेवाचा सत्कार ठेवला होता. धाकटा भाऊ एवढ्या लांब गेला, त्याच्या लग्नाला अण्णांना जाता आलं नाही, त्याची पोर कधी मांडीवर खेळवता आली नाही. आता तीच पोर निवडून आलेली घरी येतेय, तर सगळ्या गावासमोर तिला शाल घालायची, एवढीच त्यांची हौस. आठ दिवस फोनवर दुसरा विषय नव्हता.

गावाच्या फाट्यावर रेवाने गाडी थांबवायला सांगितली.

समोर बारा फुटी फ्लेक्स होता. गोल चौकटीत रेवाचा हसरा फोटो, ‘अमेरिकेच्या नगरसेविका’ वगैरे, आणि तिच्यापेक्षा मोठ्या फोटोत हात जोडलेला एक माणूस. खाली त्याच्या प्लॉटिंगचं नाव, सौजन्यासह. मंडप त्याचा, जेवण त्याचं, शालही त्याचीच.

मी कबूल करते, हा फ्लेक्स मला चार दिवस आधी व्हॉट्सअॅपवर आला होता. मी फोटो चांगला आलाय एवढं बघून अंगठा पाठवून दिला. आपल्याकडे वाढदिवस असो की दहावा, फ्लेक्सवर कोणीतरी हात जोडून उभा असतोच. त्या माणसाकडे आपण बघतसुद्धा नाही. तो कोण आहे हे विचारावं असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

रेवाने शांतपणे सांगितलं की प्रचाराला तिच्यासोबत जे लोक दारोदार फिरले, त्यांना तिने लिहून दिलंय: बिल्डर आणि घरमालकांकडून काहीही घेणार नाही. कॉफीसुद्धा नाही. मी चिडले. म्हटलं, तुझा तो ठराव इथून बारा हजार किलोमीटरवर आहे, ह्या माणसाला तुझ्या शहराचं नाव येत नाही, आणि एका शालीसाठी तू म्हाताऱ्या माणसाचं मन मोडणार?

“ताई, नावडत्या माणसाला न्हाई मनायला लेखी कशाला लागतं?” ती म्हणाली. “ते अशा आपल्या माणसाच्या येळेसाठीच लिहून दिलंय.”

मी गाडी सुरू केली.

अण्णा दारात फेटा बांधून उभे होते. रेवा त्यांच्या पाया पडली आणि तिथेच ओट्यावर बसून तिने सगळं स्वतः सांगितलं, माझ्यावर ढकललं नाही. अण्णांचा चेहरा उतरत गेला तो मला बघवेना. लोक काय म्हणतील, पाहुण्यांना बोलावून परत कसं पाठवायचं, दोनशे माणसांचा भात चुलीवर आहे, असं सगळं ते बोलले. रेवा ऐकत राहिली. मग तिने एकच विचारलं.

“अण्णा, त्यानं मांडव कामून घातला?”

अण्णा फेट्याचं टोक चाळवत राहिले. शेवटी म्हणाले, “रोडच्या रानाचं इचारून राहिलाय. दोनदा आला. म्या आजून काई बोललो न्हाई.”

मला हे माहीत नव्हतं. आईला माहीत होतं. ती आत निघून गेली, आणि पाठोपाठ अण्णाही. अण्णांनी आतून कडी लावली. मला त्या क्षणी रेवाचा मनापासून राग आला होता.

तासाभराने अण्णा बाहेर आले, डोक्यावर फेटा नव्हता. मंडपात जाऊन त्यांनी त्या प्लॉटवाल्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं की सत्कार होणार नाही. तो हसला, काही हरकत नाही काका, म्हणाला, आणि पोरांना पंगत वाढायला सांगितली. त्याच्या चांगुलपणाने अण्णा आणखीच ओशाळले. अर्धं गाव जेवायला बसलं. उरलेले शाळेच्या पायऱ्यांवर रेवाचं ऐकायला आले, आणि जेवून झाल्यावर बाकीचेही आले. बायकांनी पाण्याचं विचारलं, एका तरण्या माणसाने विचारलं की हरल्यावर काय करता. पुन्हा दारोदार जातो, ती म्हणाली. शाल नव्हती, भाषण नव्हतं. आईने कुंकू लावलं आणि घरच्या धपाट्यांचा डबा हातात दिला. अण्णा शेवटच्या पायरीवर बसून होते. ते टाळ्यांच्या वेळीही मान खाली घालूनच होते.

तिसऱ्या दिवशी हिमायतनगरच्या आत्याकडे जाऊन आलो. हुरडा खाल्ला, शिजवलेल्या हळदीच्या वासाने गाडी दोन दिवस भरून होती. हा भाग बघायचा तर जानेवारीतच जा. परतताना गावात थांबलो तेव्हा अण्णा रानात गेले होते. निरोप द्यायला आले नाहीत. रेवा नांदेडपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. तिचं चुकलं असं तिला वाटत नव्हतं, पण रडली मात्र ती.

लातूरला परतून मी वह्या तपासायला बसले. अण्णांचा फोन महिनाभर आईच उचलायची. फेब्रुवारीत रेवाचा ठराव एका मताने पडला. आदल्या आठवड्यात तिच्या बाजूचा एक जण फुटला होता. मी धीर करून फोन लावला, तर ह्या वेळी अण्णांनी उचलला. मी ठरावाचं सांगितलं. अण्णांनी आधी आईला टीव्ही बारीक करायला सांगितलं.

“तो प्लॉटवाला परवा घरी आला होता,” अण्णा म्हणाले. “च्या पाजला. आन् रान द्यायचं न्हाई मनलं. लई अवघड जातं गं, तोंडावर न्हाई मनाय. घाम फुटला मला.” मग थांबून त्यांनी विचारलं, “ती रोजच असं न्हाई मनते का तिकडं?”

“रोजच, अण्णा.”

“एकटीच?”

“नाही. अजून दोघं आहेत तिच्यासोबत.”

“मंग बरं हाय,” अण्णा म्हणाले.