हौसरावांचं नरसाळं

हौसराव आबांच्या गॅरेजसमोर दोन खांबांना बांधलेली एक तार आहे. तिच्यावर पांढऱ्या चिंध्या वाळत असतात. लांबून वाटतं, या घरात बाळंतीण असावी. जवळ गेलं की चिंध्यांवरचे काळे डाग दिसतात. प्रत्येकीच्या कोपऱ्यावर बॉलपेनने एका गाडीचा नंबर लिहिलेला असतो.

गॅरेज न्हावऱ्याच्या अलीकडे, चौफुला-शिरूर रस्त्यावर. मी खुटबावचा. मराठीत एम. ए. केलं आणि शिरूरच्या एका कॉलेजात तासांवर शिकवतो. जाता-येता आबांकडे थांबतो. गाडीला काही झालं नसलं तरी थांबतो. ते मला मास्तर म्हणतात. वयाने मी त्यांच्या मुलासारखा, पण आमची दोस्ती आहे.

आबांनी बत्तीस वर्षं दौंडला रेल्वेच्या शेडमध्ये इंजिनांवर काम केलं. तिथे इंजिनाचं तेल बाटलीत भरून तपासायला जायचं. तेलात कुठला धातू निघाला, यावरून आत काय झिजतंय ते कळायचं. निवृत्त झाल्यावर आबांनी मोटारसायकलींचं गॅरेज टाकलं आणि ती सवय सोबत आणली. कुणाचंही जुनं तेल ते तसंच फेकत नाहीत. पांढऱ्या कापडातून गाळतात, कापड उन्हात धरतात, मग त्यावरून चुंबक फिरवतात. चुंबक जुन्या स्पीकरमधलं आहे, भाकरीच्या गोळ्याएवढं. चमक चुंबकाला चिकटली तर लोखंड, म्हणजे गिअरकडे बघायचं. चिकटली नाही तर पिस्टनकडे. काहीच चमकलं नाही तर आबा एवढंच म्हणतात, "जा. निरोगी हाय."

कापड धोतराचंच लागतं. गावोगावच्या म्हाताऱ्यांची जुनी धोतरं ते मागून आणतात. हल्ली धोतरं नेसणारे कमी झाले, ही त्यांची एक काळजी.

"लेकीला स्थळ बघताना एवढं तपासलं न्हाई ह्यांनी," कस्तुराबाई म्हणतात. त्या आबांच्या पत्नी. गॅरेजच्या मागेच घर आहे.

"जावयाला तेल काढायचा नट न्हवता," आबा म्हणतात.

दसऱ्याच्या आठ दिवस आधीची गोष्ट. माझ्या गावचा कोंडिबा तेल बदलायला आला. त्याची झेंडूची शेती. रोज पहाटे फुलांची पोती मोटारसायकलला बांधून तो पुण्याच्या मार्केटला जातो. जाऊन-येऊन शंभर किलोमीटर पडतात, त्यामुळे त्याला महिन्या-सव्वा महिन्यालाच तेल बदलावं लागतं. याआधीचं तेल त्याने गणपतीत बदललं होतं. आबांकडेच.

आबांनी तेल गाळलं. कापड उन्हात धरलं आणि धरूनच ठेवलं. मी उठून बघितलं. काळ्या डागात बारीक चमक होती. आबांनी चुंबक जवळ नेलं. चमक सरकली आणि चिकटली.

"गिअर," आबा म्हणाले. "इंजिन खोलावं लागंल."

"आवाज तर बेस हाय की आबा," कोंडिबा म्हणाला. "कालच चढाला चार पोती वढली."

"आवाज खोटं बोलतो. तेल खोटं बोलत न्हाई."

"आठ दिसांवर दसरा आलाय. झेंडू काय थांबतोय व्हय माझ्यासाठी?"

"वाटंत गाडी जाम झाली तर पोत्यांसकट रस्त्यावर पडशील. तवा काय करशील?"

कोंडिबाने किल्ली आबांच्या हातात दिली. गाडी ठेवून माझ्या मागे बसून गावाला आला. वाटेत एकदाच बोलला. "आबा सांगत्यात म्हंजी असंल."

गाडी दोन दिवस उघडी होती. कोंडिबाची फुलं टेम्पोने गेली. टेम्पोवाल्याने आधी इतरांची पोती उतरवली. कोंडिबाचा माल बाजार उतरल्यावर पोचला आणि अर्धा पडून राहिला. दसऱ्याच्या तोंडावर झेंडू पडून राहणं म्हणजे काय, हे फूलवाल्याला सांगावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी थांबलो तेव्हा कोंडिबाचं इंजिन गोणपाटावर मांडलेलं होतं. आबा एकेक गिअर बोटाने चाचपत होते. दात शाबूत होते. बेअरिंग शाबूत होतं. फक्त आतल्या तेलाच्या जाळीत लोखंडाचा चुरा अडकला होता.

"कुठनं आला ह्यो?" आबा म्हणाले. मला नव्हे, गिअरला.

त्यांनी जाळी धुतली, इंजिन जोडलं, नवं तेल भरलं. कोंडिबाला एवढंच सांगितलं, की आता ठीक आहे. त्यांचा चेहरा मात्र ठीक नव्हता.

पुढचे चार दिवस गॅरेजला गर्दी होती. दसऱ्याला गाडीची पूजा होते, म्हणून लोक त्याआधी गाडी धुतात आणि तेल बदलतात. आमच्याकडे बाहेर नवा हार आणि आत नवं तेल, अशी रीत पडली आहे. माझ्याही गाडीचं तेल आबांनी त्याच दिवसांत बदललं.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. कॉलेजला सुट्टी होती, मी मदतीला गेलो. आबांनी पाने, पक्कड, हातोडी, सगळं रॉकेलने धुऊन ठेवलं होतं. मी पांढऱ्या फडक्यावर मांडत होतो. शेवटी नरसाळं उरलं. तेल ओतायचं पितळी नरसाळं. आबांच्या शेडमधल्या उस्तादाने स्वतः निवृत्त होताना त्यांना दिलेलं. ते भिंतीवर एका खिळ्याला, तोंड वर करून टांगलेलं असायचं.

"हे धुऊ का?" मी विचारलं.

"नको. त्यातनं नवंच तेल जातंय. नव्या तेलाला कसली घाण?"

नरसाळं फडक्यावर लोळायला लागलं. वजन म्हणून मी त्याच्या तोंडात चुंबक ठेवलं. आबांनी हळद-कुंकू वाहिलं, कोंडिबाने पाठवलेली झेंडूची फुलं वाहिली, नारळ फोडला. मग जागच्या जागी ठेवायला चुंबक उचललं.

चुंबकाला दाढी आली होती. काळी, बारीक, ताठ उभी राहिलेली.

आबा बघत राहिले. मग त्यांनी नरसाळ्याच्या आत बोट फिरवलं आणि उन्हात धरलं. बोट चमकलं.

त्यांनी भिंतीकडे बघितलं. खिळ्याच्या वरच पत्र्याला फट होती. पत्र्यापलीकडे बाळासोचं फॅब्रिकेशनचं दुकान. कांदाचाळीचे सांगाडे, ट्रॉल्या, गेट. आबांनी तिथूनच हाक मारली.

"बाळासो, तुजा ग्राइंडर ह्या भिंतीला कवा लावलास?"

"गणपती बसायच्या आदल्या दिवशी. तिकडं पाऊस गळत हुता. का वो आबा?"

तेलकट नरसाळं, वर फट, पलीकडे ग्राइंडर. लोखंडाचा चुरा आत चिकटत राहिला आणि ओतलेल्या प्रत्येक तेलाबरोबर थोडा थोडा गाडीत गेला. गणपतीनंतर आबांकडे परत तेल बदलायला येण्याइतकी गाडी एकट्या कोंडिबाची चालली होती. म्हणून तो आधी सापडला. बाकीचे अजून रस्त्यावर होते.

बाळासो आला. त्याने चुंबक बघितलं आणि सगळं समजल्यावर खाली बसला.

"आबा, कुनाला सांगू नका," तो म्हणाला. "पुढच्या टायमाला येत्याल तवा जाळी धुवायची, तेल बदलायचं. कुनाला कळतंय?"

"मला कळलंय की."

"लोक काय म्हनत्याल? हौसराव दुसऱ्याचं तेल गाळतोय आन् सोता चुरा घालतोय. एक गिऱ्हाईक न्हाई यायचं. आन् माजं नाव घिऊ नका बरं का."

"नरसाळं माझं हाय," आबा म्हणाले. "तुजं कशाला घिऊ?"

त्यांनी तारेवरच्या चिंध्या काढल्या. गणपतीपासूनच्या जुन्या चिंध्या एका पोत्यात होत्या, त्याही ओतल्या. प्रत्येकीवर नंबर होता. कोंडिबाची दुबार आलेली एक सोडून अडतीस निघाल्या. ज्यांचं जुनं तेल गाळलं, त्यांना नवं त्याच नरसाळ्यातून गेलं होतं. त्यातली एक चिंधी माझी होती.

आबांनी मला पाटी लिहायला सांगितली. मी खडू घेतला. बराच विचार करून लिहिलं, "काही अपरिहार्य कारणास्तव ग्राहकांनी आपल्या वाहनातील तेलाची पुनश्च तपासणी करून घ्यावी, ही नम्र विनंती."

आबांनी वाचलं. "कारण कुठलं ते न्हाई लिहिलं," ते म्हणाले. हाताने पुसलं. खडू घेऊन स्वतः लिहिलं.

"माझ्या नरसाळ्यातून तेलात लोखंडाचा चुरा गेला. गाडी घेऊन या. तेल बदलून देतो. हौसराव."

मी तिथेच उभा राहिलो. पाच वर्षं मी वाक्यांचा अभ्यास केला आहे. त्या पाटीत दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. त्या वाक्याने त्यांचं गॅरेज बंद पडू शकत होतं, हे त्यांना माहीत होतं. अक्षर मोठं काढलं होतं, रस्त्यावरून वाचता येईल एवढं.

संध्याकाळपर्यंत मी आबांच्या वहीतले नंबर बघून माझ्या मोबाइलवरून फोन लावत होतो आणि आबा बोलत होते. वाक्य तेच, पाटीवरचं. कुणी हसलं. कुणी म्हणालं, "राहू द्या आबा, पळतीय की गाडी." एकाने शिवी दिली. आबांनी ती ऐकून घेतली आणि विचारलं, "मग उद्या येतोस का परवा?"

कोंडिबाला मात्र फोन केला नाही. "त्याच्याकडं जावं लागंल," आबा म्हणाले.

दसऱ्याच्या दिवशी दुपारी आबा माझ्या मागे बसले. मांडीवर तेलाचा डबा, धुतलेलं नरसाळं, धोतराचा तुकडा. खिशात आपट्याची पानं आणि चुंबक. पारगावचा पूल ओलांडून आम्ही खुटबावला आलो. कोंडिबाच्या अंगणात गाडी उभी होती. हँडलला झेंडूचा जाड हार, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक.

कोंडिबा पाया पडायला वाकला. "आबा, तुमी कशाला आला? मीच येनार हुतो सोनं द्यायला."

आबांनी त्याच्या हातात पानं दिली आणि सांगितलं. उभ्यानेच, सगळं. नरसाळं, फट, चुरा. गाडीत काहीच बिघाड नव्हता, हेही.

कोंडिबा पानं हातात धरून ऐकत होता.

"म्हंजी दोन दिस गाडी उगंच खोलली?"

"व्हय."

"मी म्हनलो हुतो, आवाज बेस हाय."

"म्हनला हुतास."

"आन् जोडल्यावर परत त्याच नरसाळ्यातनं तेल वतलं?"

"व्हय."

"माजा अर्धा झेंडू मार्केटात उकिरड्यावर गेला आबा. सणाचा झेंडू."

घरातून पुरणाचा वास येत होता. कोंडिबा गाडीकडे गेला. मला वाटलं, किल्ली लावून निघून जाईल. त्याने हँडलचा हार काढला, नीट उंबऱ्यावर ठेवला आणि गाडी सावलीत घेतली.

"काढा," तो म्हणाला.

आबा जमिनीवर बसले. नट सोडला, तेल पातेल्यात घेतलं, धोतरातून गाळलं. कोंडिबाने ते कापड त्यांच्या हातातून घेतलं आणि स्वतः उन्हात धरलं. पाच दिवसांचं तेल. तरी चमक होती. त्याने बराच वेळ बघितलं. आबांनी जाळी काढून धुतली, परत बसवली. मग नरसाळं लावलं.

"थांबा," कोंडिबा म्हणाला. आबांच्या खिशातलं चुंबक मागून घेतलं आणि नरसाळ्यात फिरवलं. वर काढून बघितलं. स्वच्छ होतं. "वता आता."

आम्ही निघताना तो म्हणाला, "पुढल्या टायमाला नरसाळं मी घरनं घिऊन यीन."

"आण," आबा म्हणाले.

अडतीसपैकी तेहतीस गाड्यांचं तेल परत बदललं. पाच आल्या नाहीत. त्यांतल्या दोन आता दुसऱ्या गॅरेजला जातात. रस्त्यावरून जाताना त्यांचे मालक ओळख देत नाहीत. आबा त्या गाड्यांच्या आवाजाकडे कान देतात आणि परत कामाला लागतात. बाळासोने ग्राइंडर हलवला. फट आबांनी स्वतः बुजवली. आता तारेवर एका नंबरच्या दोन चिंध्या असतात. एक निघालेल्या तेलाची, दुसरी भरायच्या तेलाची. "धोतरं दुप्पट लागायला लागली," कस्तुराबाई म्हणतात. "आता म्हाताऱ्यांच्या अंगावरनं ओढून आना."

दिवाळीनंतर कोंडिबा आला. हँडलला पिशवी, पिशवीत हिरवं प्लॅस्टिकचं नवं नरसाळं. त्यावरचं लेबलसुद्धा काढलं नव्हतं. मला हसू आलं. आबांना आलं नाही. त्यांनी ते नरसाळं हातात घेतलं, आत चुंबक फिरवलं, चुंबक कोंडिबाला दाखवलं.

मग तेल ओतलं.