एसीतला निळा दिवा

लोहाऱ्याहून एसी दुरुस्तीला येणारा माणूस आधी चपला काढतो, मग घड्याळ खिशात ठेवतो आणि मगच झाकण उघडतो. कापसावर बोंडअळी आली त्या वर्षी आईचा दमा बळावला, म्हणून मी त्याच्याकडून एसीच्या आत जंतू मारणारा अतिनील दिवा बसवून घेतला.

फटीतून निळा उजेड दिसताच आई म्हणाली, “झाकण उघडंच ठेव बापा. माझ्या गादीवरचेही जंतू मरतील.”

मी हसले. तो हसला नाही.

“आजी, हा आतली बुरशी मारते. बाहेर आला त तुमचे डोळे जाळते. गादीले ऊनच पाह्यजे.”

झाकण लावून त्यानं आईला खुर्चीवर बसवलं आणि तिची जड गादी खांद्यावर घेऊन तो गच्चीवर गेला. दुपारी लोहाऱ्याहून पुन्हा आला, फक्त गादी उलटवायला.