हळू बोला, बुंदी झोपलाय

आमच्या गल्लीत चहाला चार माणसं जमली की बुंदीचा विषय निघतोच. एकाचं सांगून संपत नाही, तोवर दुसऱ्याला त्याहून भारी आठवतं.

बुंदी म्हणजे आमचा हॅमस्टर. मुंबईला नोकरी करणारी आमची अनघा त्याला महाडला सोडून गेली. जाताना म्हणाली, "बाबा, फार घाबरट आहे तो. गणपतीपर्यंत तुमच्या हातावर आला नाही, तर मी त्याला मैत्रिणीकडे देऊन टाकीन."

बाबा म्हणजे आमचे हे. शाळेत पीटीचे सर होते. यांनी "सावधान" म्हटलं की रस्त्यावरची माणसंसुद्धा ताठ व्हायची. यांनी पिंजऱ्यापाशी वाकून लाडानं "काय रे बुंदी" म्हटलं मात्र, तो जो भुशात शिरला तो दिवसभर बाहेर आलाच नाही. यांचं तोंड एवढंसं झालं.

*

अनघानं फोनवर सांगितलं, वासाची सवय व्हायला तुमचं जुनं कापड आत ठेवा. यांनी बनियनचा तुकडा ठेवला. बुंदीनं तो ओढत कोपऱ्यात नेला आणि त्यावर शू केली. मग माझ्या जुन्या साडीचा तुकडा ठेवला, तर महाराज त्यावर खुशाल झोपले. हे आठवडाभर माझ्याशी तुटक बोलत होते.

*

समोरच्या कमलमावशी पोलादपूरकडच्या, डोंगरातल्या वाडीतल्या. भाताच्या कणगीपायी जन्मभर उंदरांशी भांडलेल्या. हे सूर्यफुलाची बी चिमटीत धरून बसलेले बघून म्हणाल्या, "सर, आमच्याकडं पिंजऱ्यात गावला की बुडवतात. तुमी तर भरवताय."

"मावशी, हा उंदीर नाही."

"नाय कसा? शेपूट तेवढं कमी हाय."

दुसऱ्या दिवशी मावशी स्वतःच त्याच्यासाठी कोवळ्या काकडीची चकती घेऊन आल्या.

*

शिंकेचं तर नावच काढू नका. बुंदी पहिल्यांदा यांच्या बोटातली बी घेणार, तोच यांना शिंक आली. बी तिथंच, बुंदी भुशात, पुन्हा सगळं पहिल्यापासून. तेव्हापासून शिंक आली की हे नाक धरून गल्लीच्या टोकाला पळायचे. कुजबुजायची तर इतकी सवय लागली की भाजीवालीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "सरांची तब्येत बरी हाय ना?"

*

आमची गल्ली सावित्रीजवळची. नदी चढली की दारोदार ओरडून सांगायचं काम वर्षानुवर्षं यांच्याकडे. भोंग्यापेक्षा लोक यांच्या आवाजावर विसंबतात.

श्रावणात एका दुपारी आमच्याकडे पाऊस उघडला होता, पण वर महाबळेश्वरला कोसळत होता. पाणी चढायला लागलं. मी यांना शोधत आत गेले, तर हे पिंजऱ्यापाशी जागचे हलत नव्हते. तळहातावर बुंदी, गोळा होऊन गाढ झोपलेला. यांचे डोळे भरून आले होते.

"अहो, नदी चढतेय," मी म्हटलं.

हे तसेच उठले. बुंदी झोपलेला तो हात छातीशी धरून दारोदार गेले. प्रत्येक दारात आधी ओठांवर बोट, मग तळहात दाखवायचा आणि कुजबुजायचं, "पाणी चढतंय. सामान वर घ्या."

पाणी आमच्या पायरीला शिवून परत गेलं, ते नंतर. पण तेव्हा सगळ्या गल्लीनं गाद्या, मिक्सर, धान्याचे डबे चवड्यांवर चालत माळ्यावर चढवले. कुणी हूं की चूं नाही.

शेवटी घामाघूम झालेल्या कमलमावशी आमच्या दारात आल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "सर, लोखंडी कपाट उचलायचं हाय. जरा आवाज होईल. चालंल?"