सेनेटरसाहेबांची बादली

यूकेतल्या मराठी पोराच्या आठवणी म्हटल्यावर तुम्ही रुमाल काढून बसला असाल. थंडी, एकटेपणा, आईचा व्हिडिओ कॉल. सॉरी हं. मी कॉव्हेंट्रीत मजेत आहे, हीटिंग चालू आहे, आणि आई कॉलवर माझ्याशी बोलते कमी, मांजर दाखवते जास्त. ही गोष्ट अमेरिकेच्या राजकारणाची आहे. मी अमेरिकेत कधी गेलेलो नाही. ज्यांच्यामुळे ती घडली, तेही गेलेले नाहीत.

ते म्हणजे माझे घरमालक. तरुणपणी बार्शीहून इथल्या हॉस्पिटलात आलेले, आता रिटायर्ड डॉक्टर. मी त्यांना काका म्हणतो, त्यांच्या मिसेसना काकू. वरची मागची खोली माझी. मी शिकलो संगमनेरला. तिथे शाळेत माझं नाव होतं ते मार्कांसाठी नाही, हेडमास्तरांच्या आवाजासाठी. त्या आवाजात मी एकदा अख्खी शाळा पंधरा मिनिटं आधी सोडली होती. इथे मी सॉफ्टवेअर टेस्ट करतो आणि मॅनेजरचा आवाज काढतो.

काका रोज संध्याकाळच्या चहाबरोबर एका अमेरिकन माजी सेनेटरचा शो बघायचे. घोगरा आवाज, तोंडात गोळी चघळत असल्यासारखा, आणि दर तिसऱ्या वाक्याला ‘माझ्या मित्रा’. विषय एकच. पूर्वी घरांना कुलपं नव्हती. पूर्वी पोरं शेजाऱ्यांचं लॉन कापायची. आता बाहेरून कोणीही येतं, आणि तरुण पिढी सोफ्यावर पडून असते. एवढं झालं की तो बादली काढायचा. प्लॅस्टिकची, झाकणाची, आत सुक्या सूपची पाकिटं, पंचवीस वर्षं टिकणारी. देश बुडाला की खायला.

“अगदी आमच्यासारखंच होतं त्यांचं,” काका म्हणायचे.

“काका, बार्शीत लॉन कुठे होतं?”

“भावना बघ रे. तुमच्या पिढीला भावनाच नाही.”

आधी काकांनी त्याच्या पार्टीला देणगी द्यायचा प्रयत्न केला होता. वेबसाइट म्हणाली, तुम्ही परदेशी, चालणार नाही. बादली घ्यायला मात्र परदेशी चालत होता. गॅरेजमध्ये अकरा बादल्या झाल्या. काकूंची सायकल बाहेर पावसात गेली.

“सुपरमार्केट चालत पाच मिनिटांवर आहे,” काकू म्हणाल्या. “देश बुडाला तरी ते उघडं असेल.”

पण खरी गंमत मेलची होती. सेनेटरसाहेबांची मेल यायची, ‘मित्रा, तुझं उत्तर नाही, मी काळजीत आहे.’ अशी मेल लाखो लोकांना जाते हे कोणालाही कळतं. काका मात्र जुन्या वळणाचे. पत्र आलं की उत्तर द्यायचं. चष्मा लावून, दोन बोटांनी टाइप करून ते लिहायचे, गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून उशीर झाला, क्षमस्व, आपल्या मिसेसना नमस्कार सांगावा. मी जिन्यावरून सेनेटरच्या आवाजात ओरडायचो, “मित्रा, गुडघा कसा आहे?” काका हसायचे. मीही हसायचो आणि वर जायचो.

मग एक मेल आली, की ज्याच्या ओळखीतून दहा बादल्या जातील त्याला सेनेटरच्या सहीचं पदक. काकांनी इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात बादलीबद्दल बोलायला पाच मिनिटं मागून घेतली. तेव्हा माझं हसू थांबलं. कारण आमच्या मंडळात ‘डॉक्टर म्हणाले’ म्हणजे विषय संपला. अर्धे आजी-आजोबा अजूनही जेवणाच्या रांगेत त्यांना बीपीचे रिपोर्ट दाखवतात. काका म्हणाले घ्या, तर ते घेणार. मी एक पाकीट करून बघितलं होतं. ओला पुठ्ठा, वर मीठ. घरोघरी पाकिटं उघडली गेली असती, तर सेनेटरचं काही जाणार नव्हतं. काकांचा शब्द जाणार होता.

योगायोगाने काकांच्या आधी स्टेजवर माझी मिमिक्री होती. कमिटीने बजावलं, पॉलिटिक्स नको. मी म्हटलं, इथलं नाही, तिकडचं आहे. तिकडचं सगळ्यांना चालतं.

शनिवार दुपार, भाड्याने घेतलेला शाळेचा हॉल, मागे पुलावाचा वास. मी सेनेटरच्या आवाजात सुरुवात केली. पूर्वी कुलपं नव्हती, मित्रा. लोक हसले. मग तेच वाक्य आमच्या हेडमास्तरांच्या आवाजात. मग आमच्या कोपऱ्यावरच्या पबमधल्या गोऱ्या आजोबांच्या आवाजात. मग मंडळाच्या जुन्या अध्यक्षांच्या, जे पहिल्या रांगेत बसून स्वतःवरच हसत होते. प्रत्येक आवाज शेवटी बादली काढत होता. हेडमास्तर शिस्तीची विकत होते, अध्यक्ष जुन्या मंडळाची.

मग मी थांबायला हवं होतं असं लोक म्हणतात. मी परत गोऱ्या आजोबांवर गेलो. “काय दिवस होते ते,” मी म्हटलं. “रस्त्यावर सगळे आपलेच. एक दिवस बार्शीचा एक डॉक्टर खोली मागायला आला. मी दार लावून घेतलं. ते दिवस परत आणायचे आहेत, मित्रा. बादली घ्या.”

ती गोष्ट खरी होती. मला काकूंनी सांगितली होती. सात दारं बंद झाली होती, तेव्हा कुठे खोली मिळाली.

कोणी हसलं नाही. मला ते चाललं. हसू हवं असतं तर मॅनेजर केला असता. आमच्या पिढीला काही कळत नाही हे मी रोज चहाबरोबर ऐकलं होतं, आता तुम्ही पाच मिनिटं ऐका, असंच माझ्या मनात होतं. ज्या जुन्या दिवसांत तुम्हाला आत घेत नव्हते, त्यांच्यासाठी रडायला मी तयार नाही, आणि तुम्हाला रडवून कोणी सूप विकत असेल तर मी त्याचा आवाज काढणार.

निवेदिकेने डॉक्टरांचं नाव पुकारलं. काका पडद्याजवळ बादली घेऊन उभे होते. बादली तिथेच ठेवून ते माइकपाशी आले. म्हणाले, “माझं काही नाही. गरम आहे तोवर जेवून घ्या.”

गाडी काकू चालवत होत्या. बादली माझ्या मांडीवर. मी सॉरी म्हणणार नव्हतो. अजूनही म्हटलेलं नाही. ड्राइव्हवेत गाडी थांबली, काकू आत गेल्या, आणि काका पुढच्या सीटवरून मागे न वळता बोलायला लागले.

“तो चोर आहे, कळलं मला. आजच कळलं असंही नाही. पण त्या सात दारांची गोष्ट तुझी नव्हती. ती माझी होती. मी मुलीलासुद्धा सांगितलेली नाही, आणि तू ती पुलाव यायच्या आधी दीडशे लोकांना वाढलीस. तुला मला थांबवायचं होतं ना? मग महिनाभर जिन्यावरून आवाज काय काढत होतास? माझे गुडघे वर चढत नाहीत. तुझे खाली उतरतात की नाही? खुर्ची ओढून बसायचं, स्वतःच्या आवाजात सांगायचं, काका, हे बंद करा. तो हरामखोर निदान रोज विचारत तरी होता, कसा आहेस म्हणून. आणि ती बादली खाली ठेव. मांडीवर घेऊन काय बसलायस, बाळ आहे का ते?”