क्लच नसलेली गाडी

आमच्या ह्यांनी जन्मभर राहात्याच्या बाजारातून भाजीचा टेम्पो चालवला. मग अर्धांगाचा झटका आला. बोलणं परतलं, हात परतला, डावं पाऊल मात्र रुसून बसलं. रोज सकाळी मी समोर बसून म्हणायची, "दाबा, माझ्या हाताला पावलानं दाबा." पाऊल ढिम्म हलायचं नाही. आणि गाडी हातात आली नाही तर हा माणूस खाटेवरून उठायचा नाही, हे मला दिसत होतं.

शेवटी मुलीनं बिनक्लचची गाडी घेतली. डॉक्टरांनीही होकार दिला. मला मात्र पहिल्यापासून संशय. शोरूमवाला म्हणाला, "काकू, क्लच मोटर दाबते, गिअरबी मोटरच टाकते. काकांचा उजवा पाय चालला म्हंजे झालं."

"मोटर आमच्या विहिरीवरबी हाय," मी म्हटलं. "मनात येईल तवा बंद पडती."

तो हसला. गाडी विकताना हसणाऱ्या माणसावर माझा काडीचा विश्वास नाही.

एकदा सोनईला बहिणीकडे निघालो. मी ह्यांच्या शेजारी, हात हँडब्रेकवर. दर गिअरला गाडी क्षणभर अडखळायची, मग खालून 'टक' आवाज, की पुढं. गिअरची दांडी जागची हलायची नाही. कुणाला विचारून टाकते ही गिअर?

"काढ तो हात," हे चिडले. "माझ्यावर भरोसा न्हाई का?"

"तुमच्यावर हाय. हिच्यावर न्हाई."

पुढं उसाची ट्रॉली लागली. तिच्यामागं गाडी कधी हळू, कधी जोरात, गिअर सारखे पडत. आज हा आवाज शोधायचाच म्हणून मी खाली वाकले. गाडी अडखळली, आणि ह्यांचं डावं पाऊल रबरी मॅटवर दाबलं गेलं. जुन्या टेम्पोत क्लच असायचा, अगदी तिथंच. मला वाटलं, भास झाला. तेवढ्यात पुन्हा गिअर पडला, पुन्हा पाऊल खाली. ह्यांना पत्ताच नव्हता. मला रडूच आलं, पण मी मान वर केली नाही.

रस्ता मोकळा झाला तसा ह्यांनी इंडिकेटर दिला.

"ओव्हरटेक नका करू," मी म्हणाले. "ट्रॉलीच्या मागंच राहा."

ह्यांनी माझ्याकडं संशयानं पाहिलं. "गिअर पडला की हँडब्रेक धरून बसतीस ना? आता काय झालं?"

"काही न्हाई," मी म्हणाले आणि हँडब्रेकवरचा हात काढून घेतला. "घाई कशाला? बहीण थांबंल."