शैलामावशीची नजर

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्यात शैलामावशीच्या नजरेचा दरारा होता. पाम गावातली वाडी नवऱ्याच्या, शांतारामच्या, भरवशावर टाकून ती रोज कामाला यायची. पाण्याच्या बाटल्या ज्या फुगवून बनवतात त्या जाड नळ्या ट्यूबलाइटसमोर धरायच्या आणि दुधाळ दिसेल ती रिजेक्टच्या पेटीत टाकायची, हे तिचं काम.

दुधाळ का होतात, ते मॅनेजर दिग्विजयने तिला एकदा सांगितलं होतं. हे प्लास्टिक वितळलं की त्याच्या आतल्या साखळ्या वाटेल तशा गुंततात. साच्यात झटकन गार केलं तर त्या तशाच राहतात आणि नळी काचेसारखी निघते. रेंगाळत गार झालं तर त्यांना रांगेत लागायला वेळ मिळतो आणि नळी पांढरी पडते. शिस्त लागली की माल बाद, हे मावशीला चमत्कारिक वाटलं. पण पगार देणाऱ्यांना चालत असेल तर तिची हरकत नव्हती.

दिवाळीनंतर पेटी भराभर भरू लागली. दिग्विजयने साचा थंड ठेवणाऱ्या चिलरचं पाणी आणखी गार केलं. फरक पडेना. मग साचा उघडून पाण्याच्या वाटांमधला क्षार खरवडून काढला, कच्चा माल देणाऱ्याला झापलं. तरी पेटी भरलेलीच. मालकीण भाविकाबेन स्वतः येऊन बघून गेल्या. त्यांना नळ्या स्वच्छ दिसल्या, दिग्विजयलाही दिसल्या. पण मावशीला डाग दिसतोय म्हणजे आपलीच नजर तयार नाही, असं दोघांनीही मनाशी ठरवलं आणि एकमेकांना काही सांगितलं नाही.

शेवटी मावशीने ट्यूबलाइटच धुरकट झाल्याची तक्रार केली. नवी ट्यूब बसवली, तर तीही तिला धुरकटच दिसली. शेजारच्या टेबलावरच्या सपनाने हळूच सुचवलं, पालघरला जाऊन एकदा डोळे दाखवा. डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता.

मावशीला घास गोड लागेना. इतका चांगला माल आपण भंगारात घातला, आणि तोही तोऱ्यात. शांताराम म्हणाला, कशाला बोलतेस, कोणाला कळणार हाय? तरी ती दिग्विजयच्या केबिनमध्ये जाऊन उभी राहिली.

"साहेब, माल चांगला होता. डोळा माझा रिजेक्ट हाय."

साचा साफ केल्यापासून यंत्र पूर्वीपेक्षा वेगाने चालत होतं आणि त्याबद्दल भाविकाबेननी दिग्विजयचं कौतुकही केलं होतं. बाद केलेल्या नळ्या दळून पुन्हा वितळवता येतात, असं म्हणून त्याने तिला ऑपरेशनसाठी रजा दिली.

ऑपरेशन उत्तम झालं. इतकं उत्तम, की परतल्यावर मावशी आणखी जास्त माल बाद करू लागली. नळीच्या बुडाशी, जिथून प्लास्टिक आत शिरतं तिथे, एक बारीक पांढरी कडी तिला दिसायची. दिग्विजयने भिंग लावलं. कडी खरंच होती. ती पहिल्यापासूनच असावी, फक्त आजवर कोणाही गिऱ्हाइकाला दिसली नव्हती. भाविकाबेननी तिची नजर वाखाणली आणि तिला सन्मानाने दुसऱ्या शेडमध्ये पाठवलं.

तिथे ओव्हनमध्ये ठेवायचे जेवणाचे ट्रे नुकतेच सुरू झाले होते. प्लास्टिक त्याच जातीचं, पण इथे साचा मुद्दाम तापवलेला. साखळ्यांना रांगेत लागायला सवड द्यायची, म्हणजे ट्रे पांढरा होतो आणि ओव्हनमध्ये लोळागोळा होत नाही. जो कोपरा पारदर्शक राहिला तो कच्चा.

संध्याकाळी शांतारामने विचारलं, नवीन काम जमतं का.

"काम तेच हाय," मावशी चहा गाळत म्हणाली. "आता काचेसारखं दिसलं की फेकायचं."